रिकाम्या परतणाऱ्या टोपल्या

बडोद्याचे नाव वडावरून पडले, असे जाणते लोक सांगतात. ‘वडोदरा’ म्हणजे वडाच्या उदरातील नगर, अशी त्या शब्दाची फोड करण्यात येते. ती व्याकरणाच्या कसोटीस कितपत उतरेल हे पंडितांनी पाहावे. आम्हांस मात्र ती आवडते. जुन्या लोकांना नगर आणि झाड या दोन परस्परविरोधी वस्तू वाटत नसत, एवढे तरी तिच्यावरून दिसते. आज शहर म्हटले की सिमेंट, डांबर आणि विजेच्या तारा डोळ्यांपुढे येतात, आणि जिवंत सृष्टी म्हटली की आपल्या वाड्या, विहिरी व गोठे. शहराने इंधन दुरून आणावे, जाळावे आणि उरलेला कचरा पुन्हा दूर नेऊन टाकावा, अशी रीतच पडून गेली आहे. परंतु भाजी, फळे, फुले, धान्य, शेण अशा रूपांनी जी जिवंत सृष्टी शहराच्या पोटात रोज जाते, तिच्याच अंगी शहराची चूल पेटविण्याचे सामर्थ्य आहे. शहरांची रचना करणाऱ्या जगभरच्या मंडळींना ही जुनी गोष्ट अलीकडे पुन्हा आठवू लागली आहे. त्याविषयी आज लिहावे असे मनात आहे, आणि लिहिताना डोळ्यांपुढे बडोद्याचे खंडेराव मार्केट आहे.

खंडेराव हे नाव ऐकताच कित्येक वाचकांस जेजुरी आठवेल. पण येथील खंडेराव म्हणजे १८५६ ते १८७० या काळात बडोद्याच्या गादीवर असलेले महाराज खंडेराव गायकवाड. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांनी १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. शेतकऱ्याच्या घरचा हा गोपाळ म्हणजेच पुढचे महाराज सयाजीराव. १९०६ साली त्यांनी आपल्या दत्तक पित्याच्या नावाने हे मार्केट बांधविले. सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले तेही त्याच वर्षी. कमानी आणि घुमटांची ही इमारत राजवाड्यासारखी दिसते. कोबी आणि वांगी विकण्याच्या जागेसाठी राजाने एवढा थाट करावा, यात शेतकऱ्याच्या पोराचे मन दिसते असे आम्हांस वाटते. इतिहासकार कदाचित हसतील. याच राजाने शहराला पाणी मिळावे म्हणून आजवा येथे मोठा तलाव बांधविला, आणि त्याचे पाणी जमिनीच्या नैसर्गिक उताराने शहराकडे यावे अशी योजना केली. सृष्टीच्या अंगी जे बळ आहे ते आधी वापरावे, यंत्र नंतर, ही दृष्टी त्या रचनेत आहे.

आज मार्केटच्या मुख्य इमारतीत महानगरपालिकेची कचेरी आहे आणि मागील अंगास भाजी, फळे व फुले यांचा बाजार भरतो. शहराचे डोके आणि शहराचे पोट एकाच आवारात नांदते, असा योग फार ठिकाणी येत नाही.

आपल्या वसईवरून जे रूळ उत्तरेस जातात तेच बडोद्यास पोहोचतात. गेल्या वर्षी तेथील मराठी भाविकांपुढे काही प्रवचने करण्याच्या निमित्ताने आम्ही चार दिवस त्या शहरी होतो. प्रवचने सायंकाळी असत; सकाळ मोकळी मिळे. वाडीत वाढलेल्या माणसाचे पाय परगावीही आधी बाजाराकडेच वळतात. मेथीच्या जुड्या, दुधी, वांगी, पुढे झेंडूचे आणि गुलाबांचे ढीग. आणि या सर्वांच्या कडेला एक दुसराच ढीग: कोबीची वरची पाने, फ्लॉवरचे देठ, मक्याची साले, फुटलेले टोमॅटो, काल न खपलेली फुले. दोन गाई त्यात तोंड घालून संथपणे खात होत्या आणि मधून मधून प्लॅस्टिकची पिशवीही चघळीत होत्या. गाई हलतील तसतसा एक सफाई कामगार फावड्याने तो ढीग ओढीत होता.

जवळच एक मराठी बोलणारी वयस्क बाई मिरच्या निवडीत बसली होती. आमचा पांढरा झगा पाहून तिने ओळखले. आम्ही विचारले, “बाई, या सगळ्याचे पुढे होते काय?”

“गाडी येते फादर, घेऊन जाते.”

“कुठे?”

“लांब,” ती म्हणाली, आणि मिरच्या निवडू लागली.

तो ‘लांब’ हा शब्द आमच्या मनात राहिला. प्रत्येक शहराचे एक ‘लांब’ असते. मुंबईचे देवनार, जानेवारी २०१६ मध्ये तेथील कचऱ्याला आग लागली तेव्हा तिच्या धुराने मुंबईकरांना त्या ‘लांब’ची ओळख पटली. कोची शहराचे ब्रह्मपुरम. तेथे मार्च २०२३ मध्ये तेच झाले. आपल्या तालुक्याचे ‘लांब’ कोणाच्या शेजारी आहे, हे वाचकांना वाऱ्याची दिशा बदलली की समजते. शहराला जे लांब ते कोणत्या तरी गावाला जवळ असते, एवढाच त्यातला भेद. आणि ते गाव बहुधा आपल्यासारखेच असते.

ओला कचरा डोंगरासारखा रचला की आतपर्यंत हवा पोहोचत नाही. मग तेथे असे सूक्ष्म जीव कामाला लागतात, ज्यांना हवेतील प्राणवायू चालत नाही. ते पालेभाजी खाऊन मिथेन नावाचा वायू सोडतात. हा वायू जळाऊ आहे. ढिगातून तो निसटून आकाशात गेला तर पृथ्वी तापविण्याच्या कामी, शंभर वर्षांचा हिशेब धरता, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट ठरतो. तोच वायू टाकीत धरून नळीने चुलीपाशी आणला तर निळी ज्योत देतो. वस्तू एकच, मोकाट सोडली की उपद्रव, दावणीला बांधली की दुभते.

बाजारातील त्या गाईंकडे पाहावे, म्हणजे या विद्येचे मर्म कळते. गाईच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे अशीच एक टाकी. तेथे हवा नाही, ऊब आहे, ओल आहे, आणि अगणित सूक्ष्म जीव आहेत. गवत स्वतः गाय पचवीत नाही. तिचे हे पाहुणे पचवितात. गोबर गॅसची टाकी म्हणजे विटांची बांधलेली गायच. तिच्यात आधी एका जातीचे जीव भाजीचे तुकडे विरघळवितात, दुसरे त्याचे आंबट पाणी करतात, आणि मग तिसरे, स्वभावाने फार नाजूक असे जीव, त्या आंबटाचा वायू करतात. निघणाऱ्या वायूत निम्म्याहून काहीसा अधिक मिथेन असतो. या तिसऱ्या मंडळींना साधारण ३५ अंशांची ऊब मानवते. थंडीत ती आळसावतात. एकदम खूप खाणे घातले किंवा लिंबू-संत्र्यांच्या सालींचा मारा केला तर टाकी आंबट होते आणि ती मंडळी मरतात. पोळ्यांचे पीठ आंबवणाऱ्या आमच्या माताभगिनींना हे समजावून सांगावे लागणार नाही. पीठ फसफसायला किती वेळ द्यावा, कधी ऊब कमी पडली, हे त्यांच्या हाताला कळते. तीच ही कला, भांडे तेवढे मोठे.

या विद्येच्या उगमाशी एका धर्मगुरूचेही नाव आहे, हे आम्ही जरा अभिमानाने सांगतो. इटलीत फादर कार्लो ज्युसेप्पे काम्पी यांना एका ठिकाणी जमिनीतून निघणारी जळाऊ हवा आढळली. त्यांचे मित्र आलेस्सांद्रो व्होल्टा यांना त्यामुळे कुतूहल वाटले, आणि १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठी काठीने चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे त्यांनी बाटलीत धरले. कुजलेल्या पानांच्या त्या वायूला ज्योत लावताच तो पेटला. व्होल्टांनी आपले हे शोध पत्ररूपाने लिहिले ते याच फादर काम्पी यांना उद्देशून. विजेच्या दाबाचे ‘व्होल्ट’ हे माप ज्यांच्या नावावरून आले ते हेच व्होल्टा. ते श्रद्धावंत कॅथोलिक होते. विज्ञानाने श्रद्धा जाते म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून १८१५ साली त्यांनी आपल्या श्रद्धेची लेखी कबुलीही दिली आहे.

आपल्या देशात या वायूचा पहिला दिवा लागला तो कोठे, हे कळले तेव्हा आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. राजवाड्यात नव्हे, साहेबांच्या बंगल्यातही नव्हे. मुंबईत माटुंग्याला महारोग्यांचे आश्रयस्थान होते. तेथे १८९७ साली मैल्यापासून वायू काढून त्यावर दिवे लावण्यात आले. ज्यांना घरच्यांनी उंबऱ्याबाहेर काढले, ज्यांच्या सावलीला लोक घाबरत, त्यांच्या शरीराने टाकलेल्या वस्तूपासून हा उजेड झाला. टाकलेली माणसे आणि टाकलेली वस्तू. फादर डेमियन यांचे मोलोकाई बेटावर निधन झाले ते १८८९ साली, म्हणजे याच्या आठ वर्षे आधी. दोन्ही घटनांचा काही संबंध नाही. पण आम्हां धर्मगुरूंच्या मनात त्या शेजारी शेजारी येऊन बसतात.

पुढे ही विद्या खेड्यात आली. गुजरातेतील जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचा तरंगत्या झाकणाचा संच सिद्ध केला, आणि खादी ग्रामोद्योगाच्या मंडळींनी तो देशभर नेला. विहिरीसारखी टाकी आणि तिच्यावर वायूने वर उचलले जाणारे लोखंडी पिंप, हे चित्र जुन्या वाचकांनी पाहिले असेल. आपल्या कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडास, खत आणि गोबर गॅस यांच्या प्रयोगांत आपले आयुष्य वेचले. हा मनुष्य १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून उपोषणाला बसला होता, यावरून त्याची जात ओळखावी. जन्माची नव्हे, मनाची. देहू गावी डॉ. मापुसकर यांनी संडासाला जोडलेले गॅसचे संच घरोघर पोहोचविण्याचा ध्यास घेतला. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१७ साली, मरणोत्तर. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी एक साधी गोष्ट ध्यानात आणून दिली. शेण म्हणजे गाईने आधीच पचवून सत्त्व काढून घेतलेली वस्तू. तेव्हा पिठूळ, गोड, खरकटे असे ताजे अन्न टाकीला घातले तर थोड्याशा अन्नात, फार थोड्या वेळात, पुष्कळ अधिक वायू मिळतो. म्हणजे गुरे नसलेल्या शहरी घरालाही हे साधेल. त्यांच्या संस्थेच्या या लहान संचाला २००६ साली लंडनचे अ‍ॅशडेन पारितोषिक मिळाले. भाभा अणुसंशोधन केंद्राने तर ‘निसर्गऋण’ असे सुंदर नाव देऊन ओल्या कचऱ्याचे संच बनविले. ऋण हा शब्द तेथे कोणाला सुचला कोण जाणे. शास्त्रज्ञांत असे कवी असतात.

आता बाजारांकडे वळू. हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजी मंडईत रोज जमणाऱ्या सुमारे १० टन कचऱ्यापासून ५०० युनिट वीज आणि ३० किलो जैव इंधन मिळते, असे जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशाला सांगितले. त्या विजेवर मंडईचेच दिवे लागतात आणि त्या इंधनावर मंडईच्याच उपाहारगृहात जेवण शिजते. इंदूर शहराने फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा पचविण्याची क्षमता असलेला कारखाना उभा केला. तेथील वायू शुद्ध करून शहराच्या बसगाड्यांना घालतात. परदेशात याहून नवलाच्या गोष्टी चालल्या आहेत. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे २०१३ साली बांधलेल्या एका घराच्या भिंतींवर काचेच्या १२९ सपाट पेट्या बसविल्या आहेत. त्यांत पाणी आणि हिरवे शेवाळ. शेवाळ उन्हात वाढते, घराला सावली देते, पेट्यांतील तापलेले पाणी घराला ऊब देते, आणि वाढलेले शेवाळ काढून त्याचा वायू करता येतो. आपल्या विहिरीच्या कडेचे शेवाळ खरवडून फेकणाऱ्यांना हे ऐकून हसू येईल. एवढ्या खर्चाची काचेची घरे आपल्याला परवडणार नाहीत आणि त्यांची गरजही नाही. परंतु भिंतसुद्धा जिवंत असू शकते, ही कल्पना मनात ठेवण्याजोगी आहे.

हे सगळे इतके सोपे असेल तर प्रत्येक मंडईत का झाले नाही, असे वाचक विचारतील. उत्तर त्या पिशवी चघळणाऱ्या गाईपाशी आहे. टाकीला प्लॅस्टिक पचत नाही. नगरपालिकांनी हौसेने आणलेले अनेक संच चार-सहा महिन्यांत मेले, ते यंत्र मोडले म्हणून नव्हे, तर त्यांना रोज स्वच्छ, बेताचे, वेळच्या वेळी अन्न मिळाले नाही म्हणून. उद्‌घाटनाच्या दिवशी हार घातले, फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवसापासून जिवंत वस्तूला पंपासारखे वागविले. पंपाचे बटण बंद केले तर तो पंधरा दिवस वाट पाहतो. गाय पाहत नाही. आमच्याच धर्मग्रामात पुष्कळ वर्षांपूर्वी अनुदानातून बसविलेली काही पिंपे गंजून पडली आहेत. एकात तर कोंबड्या ठेवल्या आहेत. पण एका घरी टाकी अजून चालते. त्या घरच्या आजी ऐंशीच्या पुढे आहेत. आम्ही गुपित विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “फादर, गुरांना वैरण घालते तेव्हाच तिलाही घालते. ती पण घरातलीच.” एखाद्या अभियंत्याने चार पानांत लिहिले असते ते त्या माउलीने दोन वाक्यांत सांगितले.

कचरा वेगळा करण्याचे काम शहरात कोण करतो, हेही पाहिले पाहिजे. २०१६ च्या नियमांनी ओला व सुका कचरा घरीच वेगळा करण्यास सांगितले. नियम चांगला, पण आपण सारे एकाच पिशवीत कोंबतो आणि गाठ मारून दाराबाहेर ठेवतो, कारण ती गाठ सोडणारा दुसरा कोणी तरी आहे हे आपल्याला ठाऊक असते. त्या दुसऱ्याचे हात काचेने कापतात. आणि ज्या वायूविषयी आम्ही इतके कौतुकाने लिहीत आहोत, तोच वायू आपल्या विषारी सोबत्यांसह गटारांत साचतो तेव्हा आत उतरलेल्या कामगाराचा जीव घेतो. माणसाला अशा रीतीने गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही मृत्यूच्या बातम्या येतच राहतात. बडोद्याने १९१७ साली आणखी एक गोष्ट पाहिली आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही, आणि सयाजीबागेतील झाडाखाली ते अश्रू ढाळीत बसले. घाणीचा स्पर्श काही ठरावीक जातींनाच व्हावा, अशी जी आपल्या समाजाची जुनी समजूत आहे, ती आमच्या मते या कामातला सर्वांत मोठा बोळा आहे. तो नळीत नसून मनात अडकला आहे. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या घरांतूनही तो आम्ही पाहतो, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता आमच्या मनातील मुख्य गोष्ट. गॅस मिळतो म्हणून शहरे आनंदतात. आमचे लक्ष मात्र टाकीच्या दुसऱ्या तोंडाकडे आहे. वायू निघून गेल्यावर खाली जी पातळ मळी उरते, जिला हल्ली सर्वजण स्लरी म्हणतात, तिच्यात काय असते? मिथेन हा कार्बन आणि हायड्रोजन यांचा बनलेला. कोबीच्या पानात कार्बन आला तो हवेतून, हायड्रोजन आला तो पाण्यातून, आणि दोहोंना बांधणारी शक्ती आली ती सूर्याकडून. वायू जळतो तेव्हा हेच तेवढे परत जाते. परंतु त्या पानाने मातीतून जे घेतले होते, नत्र, स्फुरद, पालाश आणि इतर क्षार, ते जवळ जवळ सारेच्या सारे मळीत राहते. म्हणजे टाकी ही एक प्रामाणिक कारकून आहे: सूर्याचे खाते वेगळे, मातीचे खाते वेगळे. शहराने सूर्याचा वाटा चुलीत जाळावा, त्याबद्दल शेतकऱ्याची तक्रार नाही. ऊन कोणाच्या मालकीचे नसते. पण मातीचा वाटा शहराचा नव्हे. तो टोपलीतून आला तसा टोपलीतून परत गेला पाहिजे.

आपल्या वसईची गोष्ट घ्या. पिढ्यान् पिढ्या येथून केळी, भाजी, विड्याची पाने, मोगरा आणि सोनचाफा मुंबईला गेला. पहाटेच्या गाडीने भरलेल्या टोपल्या गेल्या आणि दुपारी रिकाम्या परत आल्या. टोपलीत टोपली घालून, दोरीने बांधून. त्या रिकाम्या टोपल्यांबरोबर दर दिवशी आपल्या वाडीची थोडी थोडी माती मुंबईत राहिली. आपले वाडवडील सुकी मासळी आणि एरंडीची पेंड घालून ती भर काढीत. पुढे गोणीतले खत आले. ते पिकाला टेकू देते, पण मातीला भुसभुशीत करणारे गांडुळांचे आणि कुजलेल्या पानांचे काम ते करीत नाही. आज तरुण शेतकरी म्हणतो की जमीन दमली. ती दमली नाही. तिचे घेणे थकले आहे, आणि ऋणको शहर आहे. बडोद्याच्या आसपासच्या खेड्यांचे खंडेराव मार्केटशी असलेले नाते याहून निराळे नसणार.

शुभवर्तमानात शेणखताचा उल्लेख आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहते. संत लूक यांनी सांगितलेल्या दाखल्यात तीन वर्षे फळ न देणारे अंजिराचे झाड मालक तोडावयास निघतो, आणि माळी त्याच्याकडे एक वर्षाची मुदत मागतो. आळे खणीन आणि खत घालीन, एवढीच त्याची योजना असते. प्रवचनांत आम्ही सारे त्या मुदतीवर बोलतो, परमेश्वराच्या सहनशीलतेवर बोलतो. खतावर कोणी बोलत नाही. पण त्या दयेला हात, कुदळ आणि घमेले होते. पाच भाकरींच्या चमत्कारानंतर उरलेले तुकडे प्रभूने बारा टोपल्यांत गोळा करविले, तेही असेच. पाच भाकरींतून हजारोंना जेवू घालणाऱ्याला उरल्यासुरल्याची फिकीर करण्याचे काय कारण होते? पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ रोजी सही केलेल्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रकात याच अंगाने विचार मांडला आहे. रानात एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे अन्न होते आणि चक्र पुरे होते. माणसाच्या कारखानदारीने मात्र ते चक्र पुरे करण्याची विद्या अजून आत्मसात केलेली नाही, असे ते सांगतात.

या विषयावर आम्ही मागील महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याशी बोललो. तीन एकर वाडी, भाजी आणि फुले, दोन म्हशी. शहरातल्या मंडईची मळी किंवा खत मिळाले तर घ्याल काय, असे विचारले. वाटले होते की तो आनंदाने हो म्हणेल. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग उठून आत गेला. येताना एक डबा घेऊन आला. काही वर्षांपूर्वी कोणीतरी शहरी खताची गाडी स्वस्तात दिली होती. त्या खतातून निघालेल्या वस्तू त्याने ठेवल्या होत्या. काचेचे तुकडे, दाढी करण्याची पाती, बॅटरीचे सेल, इंजेक्शनची एक सुई. “फादर, माझी बायको अनवाणी खुरपते,” तो म्हणाला.

मग त्याने आपल्या अटी सांगितल्या. मळी मंडईचीच हवी, साऱ्या शहराची नको; मंडईत काय आले ते कोणाला तरी ठाऊक असते. आठवड्याचा वार ठरलेला हवा, कारण पातळ मळी साठवून ठेवणे त्याला शक्य नाही. पहिल्या वर्षी तो ती फक्त केळीच्या पाच ओळींना घालून पाहणार, भाजीला नाही. पैसे तो देणार नाही. उलट टेंपो रिकामा परत येतो त्याचे भाडे तो भरतोच आहे, तेव्हा पिंपे भरून देण्याचे काम मंडईने करावे. आणि त्याचा माणूस तेथे जाऊन आधी ढीग बघून येणार.

आम्ही त्या अटी कागदावर उतरवून घेतल्या आहेत. अशा आणखी काही शेतकऱ्यांच्या अटी मिळाल्या तर त्या घेऊन पालिकेच्या अधिकाऱ्यांना भेटण्याचा विचार आहे. ज्यांना आपल्या सांगावयाच्या असतील त्यांनी रविवारी सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्हांस भेटावे. घरी त्या माउलीसारखी टाकी अजून चालती ठेवली असेल, तर त्यांनी तर अवश्य यावे.